हूक, पिन आणि वीस टन ऊस

दत्तजयंतीच्या सुमारास अक्कलकोटचे रस्ते दोन प्रकारच्या गर्दीनं भरतात. एक गर्दी स्वामींच्या दर्शनाची, दुसरी उसाची. भाविकांच्या गाड्यांना पोचायची घाई. ऊस मात्र आपल्या चालीनं रांगत असतो. पुढं एक ट्रॅक्टर, मागं दोन ट्रेलर, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली उसाची टोकं आणि चालकाच्या कानाशी मोठ्यानं वाजणारी गाणी.

भीमा आणि बोरीच्या पाण्यानं तालुक्यात ऊस आणला. दहिटण्याला स्वामी समर्थांच्याच नावाचा सहकारी कारखाना उभा राहिला. आजूबाजूच्या तालुक्यांतही कारखाने झाले आणि हंगामात फडापासून गव्हाणीपर्यंतचं ओझं ट्रॅक्टरच्या मागच्या एका हुकावर आलं.

ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन दोन-अडीच टन. दोन ट्रेलरमधला ऊस वीस टनांच्या घरात. अमेरिकेत पिकअपमागं राहण्याची मोठी घरं ओढतात, तिथं ओझं गाडीच्या दुप्पट-तिपटीवर गेलं की लोक कागद-पेन्सिल घेऊन बसतात. पिकअप आणि घराच्या जोडणीला ते ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पाचवं चाक म्हणतात. नाव घोडागाडीच्या काळातलं: पुढचा आस वळावा म्हणून त्यावर आडवी बसवलेली फिरती चकती. चार चाकी ऊस-ट्रेलरच्या पुढच्या आसावर तीच चकती आजही फिरते.

फरक ओझं कुठं टेकतं यात आहे. पिकअपमध्ये पिन हौद्यात, मागच्या आसाच्या वर बसते आणि ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा गाडीवर येतो. त्यामुळं ट्रेलरचं शेपूट सहसा हलत नाही. चार चाकी ऊस-ट्रेलर आपलं ओझं आपणच पेलतो, ट्रॅक्टरनं फक्त ओढायचं. दोन चाकी ‘अंगद’ गाडीचं मात्र तसं नाही. ऊस पुढं जास्त भरला तर हूक दबतो आणि ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं. मागं जास्त भरला तर हूकच वर उचलला जातो.

फडातून निघताना हे डोळ्यांनी दिसतं. ओल्या रानात चाकं रुततात, चालक क्लच सोडतो आणि पुढची दोन्ही चाकं हवेत जातात. म्हणून हूक खालीच हवा. ओढ मागच्या आसाच्या वर गेली, की ट्रॅक्टर चालकावर उलटू शकतो. तरीही निघालं नाही तर दुसरा ट्रॅक्टर पुढं लावून टोचन करतात.

खरी परीक्षा उतारावर. ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा फक्त मागच्या चाकांना असतात आणि बहुतेक ट्रेलरना ब्रेकच नसतात. अमेरिकेतल्या त्या ट्रेलरना स्वतःचे विजेचे ब्रेक असतात. ट्रेलर निसटला तर ते आपोआप लागतात. इथं सगळा भार एका पायावर. त्यात ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल, डावा आणि उजवा, रानात जागच्या जागी वळता यावं म्हणून. रस्त्यावर आल्यावर ते पट्टीनं जोडायचे राहिले आणि घाईत एकच दाबला गेला, तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो आणि मागचं ओझं त्याला मुडपून टाकतं. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे इंजिनाचा उरलासुरला आधारही घालवतात. वेग दुप्पट झाला की तेवढ्याच अंतरात आवरायला ताकद चौपट लागते.

कायद्याचा आकडाही कमी नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी 20,000 रुपये आणि वर प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. पण चालकाचा हिशेब टनांवर चालतो. भरलेली प्रत्येक मोळी त्याच्या भाड्यात भर घालते, म्हणून ट्रेलर शिगोशीग होतो.

पाठीमागून येणाऱ्याचे हाल वेगळे. अंधारात उसाच्या भाऱ्यानं मागचा दिवा झाकला जातो आणि मोटारसायकलवाल्याला ट्रेलर दिसतो तो अगदी जवळ आल्यावर. म्हणून हंगामात ट्रेलरमागं रिफ्लेक्टरचं कापड लावायची मोहीम निघते. कापड धुळीनं माखलं की ते पुसावंही लागतं.

कारखान्याच्या यार्डातून रिकामा ट्रॅक्टर पुन्हा फडाकडं निघतो तेव्हा चालकानं एकदा खाली उतरावं. पिनेची क्लिप, सुरक्षेची साखळी, पेडल जोडणारी पट्टी आणि मागचं कापड. बॅटरीच्या उजेडात ही चार ठिकाणं बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत.