शब्दांमागील रूढी

निरोप घेताना मराठी माणूस 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. या शब्दाचे इंग्रजीत शब्दशः भाषांतर केल्यास परका श्रोता बुचकळ्यात पडेल. इंग्रजी वाक्प्रचार ऐकताना आपल्या विद्यार्थ्यांची स्थिती अशीच होते.

भोजनाचे निमंत्रण दिले असता एखादा अमेरिकन गृहस्थ 'आय विल टेक अ रेन चेक' असे उत्तर देतो. या उत्तराचा पावसाशी वा बँकेच्या धनादेशाशी काही संबंध नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बेसबॉलचा सामना पावसामुळे बंद पडल्यास प्रेक्षकांना पुढील सामन्यास चालणारी चिठ्ठी मिळू लागली. तिला 'रेन चेक' म्हणत. त्यावरून 'आज जमणार नाही, पण पुन्हा अवश्य बोलवा' हा अर्थ रूढ झाला. हा अर्थ न उमगल्यास यजमान होकार समजून वाट पाहत बसेल, किंवा कायमचा नकार समजून पुन्हा बोलावणार नाही.

म्हणून शिक्षकांनी वाक्प्रचार पाठ करून घेण्यापूर्वी त्यामागील प्रसंग सांगावा. दोन विद्यार्थ्यांना यजमान व पाहुणा करून तो संवाद वर्गात वदवून घ्यावा आणि आपल्या 'येतो'शी त्याची तुलना करावी. दोहोंतही स्नेहाचे दार उघडे ठेवलेले असते.