खासगी विमानांच्या सुरक्षेचा पेशा : साहेब होण्याआधी काय व्हावे लागते?

परंडा तालुक्यातील सोनारी येथून आमच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. भैरवनाथाच्या यात्रेमुळे सोनारीचे नाव आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. हे गृहस्थ तेथे ट्रक व ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज चालवतात. थोरला मुलगा यंदा बारावी सायन्स चांगल्या गुणांनी पास झाला. एका संस्थेच्या माणसाने घरी येऊन सांगितले की, एक वर्षाचा 'एव्हिएशन सेफ्टी' डिप्लोमा केला की मुलगा खासगी विमान कंपनीत थेट सेफ्टी ऑफिसर होतो आणि पहिल्याच वर्षी लाखाच्या वर पगार घेतो. फी साडेचार लाख. त्यासाठी दीड एकर जमिनीचा सौदा ठरत आला आहे. विसार घ्यावा की थांबावे, एवढेच त्यांनी विचारले आहे.

आमचे उत्तर असे की, थांबावे. मात्र हा पेशाच खोटा आहे असे कोणी समजू नये. पेशा खरा आहे, गरजेचा आहे आणि पुढे त्याची गरज वाढणार आहे. खोटा आहे तो फक्त त्याचा रस्ता, जो त्या माणसाने दाखवला.

आधी हा धंदा काय आहे ते पाहू. आपण तिकीट काढून बसतो ती विमाने वेळापत्रकाने उडतात. याखेरीज उद्योगपती, पुढारी, कंपन्यांचे अधिकारी, रुग्ण यांना नेणारी छोटी जेट विमाने व हेलिकॉप्टरे असतात. काही कंपन्यांची स्वतःची असतात, काही भाड्याने मिळतात. भाड्याने चालवण्यासाठी केंद्र सरकारच्या नागरी विमान महासंचालनालयाकडून, म्हणजे डीजीसीएकडून, बिगर-नियमित उड्डाणाचा परवाना घ्यावा लागतो. यातील पुष्कळ कंपन्या लहान असतात. दोन विमाने, चार-सहा पायलट, दोन-तीन इंजिनिअर, एक कार्यालय. मुंबईत जुहूला व सांताक्रूझच्या विमानतळावर अशी वर्दळ रोज असते. आपल्याकडे धाराशिव, लातूर येथे धावपट्ट्या आहेत. धाराशिवला नियमित प्रवासी विमान येत नाही. येतात ती अशीच विमाने, विशेषतः निवडणुका जवळ आल्या की. गावोगावच्या मैदानांत चुन्याने 'एच' काढून, पाणी मारून जे हेलिपॅड तयार होते, ते तर सर्वांनीच पाहिले असेल.

मोठ्या विमान कंपनीत शे-दोनशे प्रवासी खोळंबले तरी पायलटच्या खोलीत येऊन कोणी बोलत नाही. छोट्या जेटमध्ये प्रवासी हाच मालक किंवा मालकाचा मोठा गिऱ्हाईक असतो आणि तो पायलटच्या पाठीमागे पाच हातांवर बसलेला असतो. सभा चार वाजता आहे, लग्न संध्याकाळी आहे, करारावर आजच सह्या व्हायच्या आहेत. हवा खराब आहे, थांबू या, असे त्याला सांगायचे कोणी? या क्षेत्राच्या सुरक्षेचा खरा प्रश्न आमच्या मते हाच आहे, आणि सुरक्षा प्रमुखाची नोकरी निर्माण झाली ती याच्यासाठी.

सोनारीच्या आमच्या या भाईंना हे समजावून सांगण्याची गरज नाही. ट्रकचे ब्रेक लायनर संपलेले असतात आणि मालक म्हणतो, "एवढी एक खेप बार्शीला मारू दे, मग टाकू." ज्या मिस्त्रीने चावी खिशात घालून "गाडी जाणार नाही" असे सांगितले असेल, त्याने हे काम एकदा केलेले आहे. फरक इतकाच की विमानात त्या 'नाही'ला कागद, नियम आणि कंपनीची मान्यता यांचा आधार द्यावा लागतो. एका माणसाच्या हिमतीवर ते सोडता येत नाही.

अपघातांचा हिशेब पाहिला तर हे पटेल. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे यांचे छोटे विमान उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ खराब हवेत कोसळले. ते सभेसाठी निघाले होते. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर पावसाळी हवेत जंगलात पडले. शेजारच्या लातूर जिल्ह्यात निलंगा येथे २५ मे २०१७ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाण होताच तारांत अडकून खाली आले. सुदैवाने सर्व वाचले. मुंबईच्या घाटकोपरला २८ जून २०१८ रोजी दुरुस्तीनंतर चाचणीसाठी उडालेले छोटे विमान बांधकामाच्या जागेत पडले. त्यात विमानातील चौघे व रस्त्यावरचा एक माणूस गेला. १४ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबई विमानतळावर मुसळधार पावसात उतरताना एक लिअरजेट धावपट्टीवरून घसरले व त्याचे तुकडे झाले. आतील आठही जण वाचले. २ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्याजवळ बावधन येथे सकाळच्या धुक्यात हेलिकॉप्टर पडून दोन पायलट व एक इंजिनिअर मरण पावले. ते प्रवासी आणायला निघाले होते, प्रवासी अजून बसलाही नव्हता.

आणि २८ जानेवारी २०२६ रोजी बारामतीला उतरताना लिअरजेट विमान कोसळून उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह आतील पाचही जण ठार झाले. अपघाताचे कारण ठरवणे हे २०१२ साली स्थापन झालेल्या विमान अपघात अन्वेषण ब्युरोचे काम आहे, त्यात आम्ही पडत नाही. पण एक गोष्ट त्या निमित्ताने सर्वांच्या नजरेस आली. बारामतीच्या धावपट्टीवर विमानतळ प्राधिकरणाचा नियंत्रण मनोरा नव्हता. येणाऱ्या विमानाला वाऱ्याची व रहदारीची माहिती तेथील विमान प्रशिक्षण संस्थांची माणसे देत होती. अशा बिनमनोऱ्याच्या धावपट्ट्या देशात अनेक आहेत आणि छोटी विमाने मुख्यतः तेथेच जातात. मुंबईहून निघण्याआधी त्या धावपट्टीचा, त्या दिवसाच्या हवेचा, पर्यायी विमानतळाचा विचार कंपनीत बसून कोणी तरी करायला हवा. तो 'कोणी तरी' म्हणजे सुरक्षा विभाग.

आता या विभागाचे काम. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने सुरक्षा व्यवस्थापनासाठी एकोणिसावे परिशिष्ट काढले व ते नोव्हेंबर २०१३ पासून लागू झाले. भारतातही डीजीसीएचे त्याविषयी नियम आहेत. कंपनीचा एक जबाबदार व्यवस्थापक असतो, पैशाच्या चाव्या त्याच्या हाती असतात. सुरक्षा प्रमुख थेट त्याच्याशी बोलतो, मध्ये दुसरा साहेब नसतो. तो उड्डाणांच्या नोंदी तपासतो, विमानातील यंत्राने टिपलेला वेग व उंची यांचा तपशील पाहतो, घडलेल्या घटना डीजीसीएला कळवतो, पायलट किती तास जागा होता याचा हिशेब ठेवतो, तपासण्या करतो, आणि अपघात झालाच तर कोणी कोणाला फोन करायचा याची योजना तयार ठेवतो.

एक साधे हत्यार सांगतो. प्रत्येक फेरीआधी एक तक्ता भरला जातो. धावपट्टी नवखी आहे काय, मनोरा आहे काय, रात्र आहे काय, पाऊस अथवा धुके आहे काय, दोन्ही पायलट या विमानावर किती दिवसांचे आहेत, काल किती झोप झाली. प्रत्येकाला गुण. बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की पायलटने एकट्याने निर्णय घ्यायचा नाही, वरिष्ठाला विचारायचे. त्याहून वर गेली की उड्डाण नाही. याचा फायदा असा की, मालकाला 'नाही' म्हणणारा पायलट राहत नाही, तक्ता राहतो. मालकाचा रागही मग कागदावर निघतो, माणसावर नाही.

दुसरे काम याहून अवघड आहे. पायलट किंवा मिस्त्री यांनी आपली चूक आपण होऊन सांगावी असे वातावरण ठेवणे. "काल उतरताना वेग जास्त राहिला होता," असे जो प्रामाणिकपणे सांगतो त्याला शिक्षा झाली, तर पुन्हा कोणी तोंड उघडत नाही. जाणूनबुजून नियम मोडणारा आणि चूक कबूल करणारा यांत फरक करण्याची नजर सुरक्षा प्रमुखाला लागते. ही नजर डिप्लोमाच्या वर्गात येत नाही, कामावर वर्षे घालवावी लागतात.

नुसत्या प्रमाणपत्रावरही विसंबू नये. खासगी विमानांसाठी आयएस-बाओ नावाचा आंतरराष्ट्रीय दर्जा २००२ पासून आहे. बाहेरचे तपासनीस येऊन तो देतात आणि मोठे गिऱ्हाईक भाड्याचे विमान ठरवण्याआधी तो विचारतात. चांगली गोष्ट आहे. परंतु ३१ मे २०१४ रोजी अमेरिकेत बोस्टनजवळ बेडफर्ड येथे एक मोठे खासगी जेट धावपट्टीवरून उठलेच नाही, पुढे जाऊन जळाले व सात जण मेले. विमान उभे असताना वाऱ्याने त्याच्या शेपटीचे व पंखांचे हलते भाग फडफडू नयेत म्हणून जी कडी लावतात, ती काढायची राहिली होती. चौकशीत मागील १७५ उड्डाणांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा, उड्डाणाआधीची पूर्ण तपासणी फक्त दोन वेळा केलेली आढळली. या कंपनीकडे वरील दर्जाचे प्रमाणपत्र होते. तपासनिसांना दाखवायचे कागद आणि धावपट्टीवर रोज होणारे काम यांत अंतर पडले होते, आणि ते मोजणारा कंपनीत कोणी नव्हता.

म्हणून या खुर्चीवर बसणारा माणूस आधी दुसरे काही तरी झालेला असतो. बहुधा पायलट, नाही तर विमान देखभाल इंजिनिअर, किंवा उड्डाणाचे नियोजन करणारा डिस्पॅचर. दहा-पंधरा वर्षे त्यात घालवून, सुरक्षेचे अभ्यासक्रम व तपासनिसाचे प्रशिक्षण नोकरीत राहून घेऊन, मग तो या बाजूला वळतो. त्याच्या नेमणुकीला डीजीसीएची मान्यता लागते. बारावीनंतर एका वर्षात आलेल्या पोराने वीस वर्षे विमान चालवलेल्या कॅप्टनला "थांबा" म्हटले, तर कोण ऐकेल?

तेव्हा सोनारीच्या मुलासाठी रस्ते कोणते? पायलटचा रस्ता महाग आहे. परवान्यासाठी २०० तास उड्डाण करावे लागते व खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. आपल्या राज्यात गोंदियाला चांगली प्रशिक्षण संस्था आहे, उत्तर प्रदेशात फुरसतगंजला सरकारी अकादमी आहे. ज्यांना हा विचार करायचा असेल त्यांनी फी भरण्याआधी डीजीसीएच्या डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. डोळ्यांत किंवा कानांत दोष निघाला तर पुढचा सर्व खर्च वाया जातो.

गॅरेजमध्ये वाढलेल्या मुलाला आम्ही देखभाल इंजिनिअरचा रस्ता सुचवू. बारावीला भौतिक, रसायन व गणित हवे. डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेत सुमारे दोन वर्षे शिक्षण, त्यानंतर प्रत्यक्ष विमानांवर काम, आणि मध्ये डीजीसीएच्या एकेका विषयाच्या परीक्षा. त्या पास झाल्याशिवाय परवाना नाही, आणि परवान्याशिवाय "विमान उडण्यास योग्य" अशी सही करता येत नाही. अनेक मुले संस्थेचे शिक्षण संपवतात पण परीक्षांत अडकून बसतात, ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही. देखभालीचे काम मुंबईत आहे, नागपूरच्या मिहानमध्येही आहे.

ज्यांना एवढाही खर्च झेपत नाही त्यांनी मुलाला भौतिकशास्त्र व गणित घेऊन बी.एस्सी. करू द्यावे. विमानतळ प्राधिकरण हवाई वाहतूक नियंत्रकांच्या जागा भरते. वयाची अट सर्वसाधारण गटाला २७ वर्षांची, निवड परीक्षेने, आणि प्रशिक्षण नोकरीत घेऊन दिले जाते. सुरक्षेच्या कामाची इतकी चांगली पायाभरणी इतक्या कमी पैशांत दुसरीकडे होत नाही, असे आमचे मत आहे.

इंग्रजीची भीती अनेकांना वाटते. या सर्व परीक्षा इंग्रजीत आहेत, पायलट व नियंत्रकाला तर बोलण्याची चाचणीही द्यावी लागते. पण तेथे लागते ते छोटी, स्वच्छ वाक्ये बोलणारे इंग्रजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला मुलगा ते वर्षभरात कमावू शकतो. रोज थोडे बोलले मात्र पाहिजे.

त्या संस्थेच्या माणसाला भाईंनी तीन गोष्टी विचाराव्यात. तुमच्या संस्थेला डीजीसीएची मान्यता कोणत्या अभ्यासक्रमाला आहे आणि तिचा क्रमांक काय? मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे, नाव तेथे स्वतः पाहावे. या डिप्लोम्यावर कोणता सरकारी परवाना मिळतो? आणि मागच्या तुकडीतील मुले आज कोणत्या विमानतळावर, कोणत्या हुद्द्यावर आहेत. त्यांच्यापैकी दोघांशी फोनवर बोलणे करून द्याल काय? तिसऱ्या प्रश्नाला तो घड्याळ पाहू लागला, तर चहा पाजून निरोप द्यावा.

पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे की, धाकटी मुलगी दहावीला आहे आणि भावाची पुस्तके तीच जास्त वाचते. हे काम मुलींना चालते काय? चालते. देशात अनेक मुली आज पायलट, इंजिनिअर व नियंत्रक आहेत. अकरावीला तिचे गणित सुटू देऊ नये.