जागरण कोणासाठी?

खंडोबाच्या जागरणाला रात्र अपुरी पडावी अशा या मुलखात, ऑस्कर समारंभासाठीही आता काही घरांतून दिवे जळत राहतात. लॉस एंजलिसमध्ये रविवारची सायंकाळ असते, तेव्हा आपल्याकडे सोमवारची पहाट असते. त्याच सुमारास कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तिसरी पाळी संपत आलेली असते. (पंचतारांकित हे विशेषण वसाहतीचे, जागरण मात्र कामगाराचे!) रात्रभर घडविलेल्या यंत्रभागावर किंवा विणलेल्या कापडावर त्याचे नाव नसते.

समारंभातही काहीसे असेच घडते. प्रेक्षक ताटकळतो तो नटनट्यांसाठी; संकलक, ध्वनिमुद्रक यांची पाळी आली की तो चहा टाकायला उठतो. २०२२ साली तर खुद्द अकादमीनेच संकलन, ध्वनी यांसह आठ पारितोषिके थेट प्रक्षेपणापूर्वी उरकून घेतली. हा शहाणपणा खासच नव्हे. भारतीय व्यक्तीला पहिले ऑस्कर मिळाले ते अशाच पडद्याआडच्या कामासाठी, आणि ती व्यक्ती कोल्हापुरात जन्मलेली होती. ‘गांधी’च्या वेशभूषेबद्दल एप्रिल १९८३ मध्ये भानू अथैया यांना जॉन मोलो यांच्यासमवेत हा मान लाभला. वकिलाच्या सुटापासून पंचापर्यंतचा गांधीजींचा सारा प्रवास त्या चित्रपटात वस्त्रांतूनही उलगडतो. तो पाहताना ही वस्त्रे कोणी योजली, असे आपल्यापैकी किती जणांनी विचारले असेल?

२०१२ मध्ये त्यांनी ते मानचिन्ह अकादमीकडेच जपणुकीसाठी सोपविले. आपल्या पश्चात येथे ते सुरक्षित राहील, असा भरवसा त्यांना वाटत नव्हता.