चोराच्या बाजूने बसलेला प्रेक्षक

सिनेमागृहात बसलेला माणूस बहुधा सज्जन असतो. रस्त्यात सापडलेले पाकीट तो परत करतो, रात्री घराचे कुलूप दोनदा ओढून पाहतो आणि गल्लीत चोरी झाली की चोराच्या नावाने बोटे मोडतो. पण पडद्यावर चार माणसे जवाहिऱ्याचे दुकान फोडू लागली, की हाच माणूस श्वास रोखून त्यांच्या बाजूचा होतो. पहारेकऱ्याची पावले जवळ आली की घाम त्याला फुटतो. असे का व्हावे? हा अनुभव सर्वांत चोखपणे दिला तो १९५० ते १९७० या काळातल्या फ्रेंच गुन्हेपटांनी. आज त्यांच्याविषयी थोडे बोलू. मात्र सुरुवात पॅरिसपासून नको, आपल्या खानदेशातल्या रस्त्यावरून करू.

१४ एप्रिल १९४४. नंदुरबार त्या वेळी पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. धुळ्याहून नंदुरबारकडे ब्रिटिश सरकारचा खजिना निघाला होता. शिंदखेडा तालुक्यातल्या चिमठाणे गावाजवळ तो लुटला गेला. रक्कम सुमारे साडेपाच लाख रुपये. ज्या काळात शंभर रुपये पगार म्हणजे चैन, त्या काळातले साडेपाच लाख! लुटणारे होते सातारच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांचे खानदेशातले भूमिगत साथी. त्याआधी ७ जून १९४३ रोजी सातारा भागात शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अशीच अडवली गेली होती. त्या मोहिमेतले कॅप्टन भाऊ लाड पुढे म्हातारपणीही ‘लूट’ हा शब्द ऐकून घेत नसत. इंग्रजांनी लोकांचा पैसा चोरला होता, तो आम्ही परत आणला, असे त्यांचे म्हणणे.

ही हकीकत ऐकताना आपण कोणाच्या बाजूने असतो, हे सांगायला नको. याच नंदुरबारात ९ सप्टेंबर १९४२ रोजी शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी पडले होते. गोळी झाडणारा कायद्याच्या बाजूला उभा होता आणि झेंडा घेतलेला मुलगा कायद्याच्या विरुद्ध. कायदा आणि न्याय यांची अशी फारकत झाली, की ‘गुन्हेगार’ या शब्दाचा अर्थ डळमळू लागतो. सातपुड्याच्या पट्ट्यात तर हे फार जुने आहे. ज्या तंट्या भिल्लाला सरकारने १८८९ साली जबलपूरला दरोडेखोर म्हणून फासावर दिले, त्याला लोकांनी मामा म्हटले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून टाकले होते. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली रद्द झाला.

आता फ्रान्सकडे वळू. १९४० ते १९४४ ही चार वर्षे फ्रान्स जर्मनांच्या टाचेखाली होता. फ्रेंच पोलिसांनीच आपल्या नागरिकांना पकडून जर्मनांच्या हवाली केले. उलट देशासाठी लढणारे लोक खोट्या नावाने राहत, शस्त्रे लपवत, रात्री निरोप पोहोचवत. म्हणजे सगळी कामे चोरांसारखी करत. झाँ-पिएर मेलव्हिल हा गुन्हेपटांचा सर्वांत मोठा दिग्दर्शक याच लढ्यातला. त्याचे खरे आडनाव ग्रुमबाख. मेलव्हिल हे एका अमेरिकन लेखकाचे आडनाव त्याने भूमिगत असताना घेतले आणि पुढे तेच कायम ठेवले. १९६९ साली त्याने ‘सावल्यांचे सैन्य’ हा त्या लढ्यावरचा चित्रपट केला. त्यातले देशभक्त आणि त्याच्या इतर चित्रपटांतले दरोडेखोर यांची चाल एकच आहे: कमी बोलायचे, वेळ पाळायची आणि पकडले गेल्यास साथीदाराचे नाव सांगायचे नाही.

हे ‘नाव न सांगणे’ नीट लक्षात ठेवावे. फ्रेंच गुन्हेपटाचा सारा जीव त्यात आहे.

१९५५ सालचा ‘रिफिफी’ हा या प्रकारातला मानदंड. दिग्दर्शक ज्यूल्स दासँ मूळचा अमेरिकन. कम्युनिस्ट असल्याच्या आरोपावरून हॉलिवूडने त्याला काळ्या यादीत टाकले होते, आणि त्याचे नाव चौकशीत सांगणारे त्याच्याच धंद्यातले लोक होते. काही वर्षे बेकार राहिल्यावर फ्रान्समध्ये थोड्या पैशांत, बडा नट न घेता त्याने हा चित्रपट केला. चौघे जण जवाहिऱ्याच्या दुकानावरच्या घरात शिरतात आणि जमिनीला भोक पाडतात. आवाज झाला तर धोक्याची घंटा वाजेल, म्हणून सुमारे अर्धा तास ना संवाद, ना संगीत. छोट्या भोकातून ते मिटलेली छत्री खाली सोडतात आणि उघडतात, म्हणजे वरून पडणारा चुना-माती छत्रीत झेलली जाईल, खाली आवाज होणार नाही. मग घंटेच्या यंत्रात आग विझवण्याचा फेस भरून तिचे तोंड बंद करतात.

आता पाहा, आपण नेमके कशात गुंतलो? दागिने तर अजून दिसलेलेही नाहीत. आपण गुंतलो ते कामात. सुतार रंधा मारताना, गवंडी ओळंबा लावताना किंवा सोनार फुंकणीने डाग देताना आपण थांबून पाहतो, तसेच हे आहे. हाताला सवय असलेला माणूस काम करत असला की नजर हटत नाही. हिंदी चित्रपटात, उदाहरणार्थ १९६७ च्या ‘ज्वेल थीफ’मध्ये, चोरीभोवती गाणी, वेशांतर आणि रहस्य यांची आरास असते. फ्रेंच दिग्दर्शक आरास काढून टाकतो आणि उरते ते निव्वळ काम. झाक बेकेरच्या १९६० च्या ‘ल त्रू’ या चित्रपटात कैदी कोठडीची फरशी फोडतात, ते दृश्य कॅमेरा न हलवता कितीतरी वेळ दाखवले आहे. घाव मोजता येतात, हात भरून आलेले कळतात. ही गोष्ट १९४७ साली पॅरिसच्या तुरुंगात खरोखर घडलेल्या पलायन-प्रयत्नावर आधारलेली आहे, आणि त्या प्रयत्नातला एक कैदी, झाँ केरोदी, चित्रपटात स्वतः काम करतो. ‘पॅपिलॉन’ हे फ्रेंच कैद्याच्या पलायनाचे आत्मकथन रवींद्र गुर्जरांच्या अनुवादातून मराठी घराघरांत वाचले गेले, त्यामागेही हेच कुतूहल होते.

असे चित्रपट चोरी शिकवतात, असा आक्षेप जुना आहे. ‘रिफिफी’वर त्यासाठी काही ठिकाणी बंदीही आली. पण हे चित्रपट शेवटपर्यंत पाहणाऱ्याला निराळाच धडा मिळतो. यांत चोरी बहुधा यशस्वी होते. खरी गोष्ट सुरू होते ती त्यानंतर. ‘रिफिफी’तला एक जण चोरीतली एकच अंगठी एका गायिकेला देतो आणि तिथून सगळे उसवत जाते. धरला गेल्यावर तो साथीदारांची नावे सांगतो आणि त्याची शिक्षा भोगतो. नावे सांगणाऱ्या या माणसाची भूमिका दासँने स्वतःच केली आहे. काळ्या यादीची हकीकत माहीत असलेल्याला या दृश्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. १९५४ च्या ‘तुशे पा ओ ग्रिझ्बी’मध्ये झाँ गाबँ हा उतारवयाचा दरोडेखोर मित्राला सोडवण्यासाठी सोने सोडायला तयार होतो. सोनेही जाते आणि मित्रही. १९६३ च्या ‘मेलोदी आँ सू-सोल’च्या शेवटी जुगारखान्यातून पळवलेल्या नोटा पोहण्याच्या तलावात तरंगू लागतात आणि चोर नुसते बसून पाहतात.

म्हणजे हातात कसब आहे, मनात मैत्री आहे, शब्दाला किंमत आहे; पण ज्यासाठी हे सारे पणाला लावले ती वस्तूच त्या तोलाची नाही. चिमठाण्याच्या रस्त्यावरचे धाडस आणि पॅरिसच्या दुकानातले धाडस यांतला फरक इथे उघड होतो. कसब तेच, मौन तेच, जिवाची जोखीमही तीच. चिमठाण्याची रक्कम मात्र लुटणाऱ्यांच्या घरी जायची नव्हती, ती चळवळीची होती. फ्रेंच चित्रपटातल्या चोरांकडे लढवय्याचे सगळे गुण उरले आहेत, फक्त लढाई उरलेली नाही. लढा संपलेल्या देशातल्या दिग्दर्शकांना ही खंत जवळची वाटली असावी. आपल्यालाही ते चोर आवडतात आणि त्यांची कीव येते, ती याचमुळे.

पूर्वी असे चित्रपट पाहायला मुंबईच्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्या किंवा पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय गाठावे लागे. आज इंटरनेटमुळे नंदुरबार-शहाद्यात बसूनही त्यातले बरेच पाहता येतात. सुरुवात ‘रिफिफी’पासून करावी, मग मेलव्हिलचा १९६७ चा ‘ल सामुराई’ पाहावा. त्यात आलाँ दलाँ पहिली सुमारे दहा मिनिटे एक शब्दही बोलत नाही. फ्रेंच येत नाही, अशी अडचण सांगण्याचे कारण नाही. या चित्रपटांतला सर्वांत मोलाचा भाग मुकाच आहे. पाहून झाल्यावर स्वतःला एवढेच विचारावे: इतके कसब आणि इतकी निष्ठा आपल्याकडे असती, तर ती आपण कशासाठी खर्च केली असती?