तांब्यावरचा पाऊस

हॉलंडच्या रेम्ब्राँ या चित्रकाराने १६४३ साली 'तीन झाडे' हे चित्र केले. वीतभर उंच आणि थोडे अधिक रुंद. पण सपाट मैदान, दूरचे शहर, चढून आलेले ढग आणि डावीकडे तिरपा कोसळणारा पाऊस, एवढे सारे त्यात मावले आहे. हे चित्र तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले आहे. या प्रकाराला एचिंग म्हणतात. आमचे आयुष्य कामगारांत गेले. तेव्हा चित्र पाहिले की ते कोणत्या हातांनी, कसे केले, हे आम्ही आधी विचारतो.

पत्रा घासून आरशासारखा करावयाचा, तापवून त्यावर मेण, राळ व डांबर यांचा पातळ थर द्यावयाचा. सुईने रेघ ओढली की तेवढेच तांबे उघडे पडते. मग पत्रा तेजाबात. मेणाला तेजाब शिवत नाही, उघडे तांबे मात्र खाते. जितका वेळ खाईल तितकी रेघ खोल व काळी. म्हणून क्षितिजाच्या रेघा लवकर वार्निशने झाकावयाच्या आणि जवळच्या झाडांच्या पुन्हा बुडवावयाच्या. जवळ-दूर हे येथे तेजाबातील मिनिटांवर ठरते, याचे आम्हांस मोठे नवल वाटते.

छापखान्यात खिळ्याचा उंच भाग शाई घेतो, येथे उलटे. शाई खळग्यांत चोळून वरची पुसावयाची, शेवटचा हात तळव्याचा. वर ओलसर कागद, त्यावर लोकरी कापड, आणि रुळांचा दाब. प्रत्येक प्रतीला ही सारी खटपट नव्याने.

चित्रांच्या पुस्तकांत क्वचित आढळणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तांब्यावर नत्राम्ल पडले की पिंगट धूर उठतो. तो छातीत गेल्याचा त्रास कधी काही तासांनी सुरू होतो. तोवर माणूस घरी जेवून निजलेला असतो. आज पुष्कळ ठिकाणी फेरिक क्लोराइड वापरतात. त्याने हा धूर होत नाही, डोळे व कातडी मात्र जपावी लागते. जेथे नत्राम्ल आहे आणि धूर ओढून घेणारा पंखा नाही, तेथे काम करण्यास नकार द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चित्र मात्र सावकाश पाहावे. उजवीकडच्या झुडपात एक जोडपे दडले आहे. ते पहिल्या नजरेस सहसा सापडत नाही. टेकडीवर कोणी वादळाकडे पाठ करून चित्र काढीत बसला आहे. खाली डावीकडे एक जण पाण्यात गळ टाकून बसला आहे, शेजारी बाई आहे, आणि आभाळ एवढे भरून आले तरी दोघे उठलेली नाहीत.