'फँड्री' : दगड कोणाच्या दिशेने येतो?

काळ्या चिमणीला जाळून तिची राख एखाद्या मुलीच्या अंगावर टाकली की ती मुलगी वश होते, अशी समजूत जब्याच्या मनात पक्की बसली आहे. म्हणून गलोल हातात घेऊन, सोबतीला मित्र पिऱ्या, असा तो गावाबाहेरच्या काटेरी झुडपांतून त्या पाखराच्या मागावर हिंडत असतो. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' या चित्रपटाचा प्रारंभ हा असा आहे. जीवदयेचे संस्कार ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले, त्या घरातील प्रेक्षकाला पहिल्याच दृश्यात संकोच वाटावा, हे स्वाभाविक आहे. पुढे तर डुकरे पकडण्याचा प्रसंग आहे, आणि तोच या चित्रपटाचा गाभा आहे. कैकाडी बोलीत 'फँड्री' म्हणजे डुक्कर. अनेक जैन कुटुंबांनी हा चित्रपट याच कारणास्तव पाहिला नसेल. परंतु हिंसेचा इतका सूक्ष्म विचार करणारा मराठी चित्रपट गेल्या काही दशकांत क्वचितच निर्माण झाला असेल.

हा चित्रपट 2013 मध्ये महोत्सवांतून दाखवला गेला आणि 14 फेब्रुवारी 2014 रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. मंजुळे यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. तत्पूर्वी 'पिस्तुल्या' या लघुपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. 'फँड्री'लाही दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा इंदिरा गांधी पुरस्कार लाभला, आणि जब्याची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडे याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा. सोमनाथ हा हलगी वाजवणारा, खेड्यातला मुलगा. अभिनयाचे कोणतेही शिक्षण त्याच्या गाठीशी नव्हते. मोठे नट, परदेशी चित्रीकरण, नाचगाणी यांपैकी काहीही नसलेला हा चित्रपट आहे. ज्याला स्वतंत्र धाटणीचा म्हणतात, तसा.

कथानक दोन वाक्यांत सांगता येते. जब्या, म्हणजे शाळेच्या हजेरीपटावरचा जांबुवंत कचरू माने, गावकुसाबाहेर राहणाऱ्या कैकाडी कुटुंबातील मुलगा, वर्गातल्या शालूवर मनोमन जीव लावून बसला आहे. शालू वरच्या मानल्या गेलेल्या जातीची. जब्याचे हे मन तिला ठाऊकही नाही.

वयात येणाऱ्या मुलाची कथा म्हटली की एक ठरलेला साचा डोळ्यांसमोर येतो. मुलगा चुकतो, ठेचा खातो, शहाणा होतो. जब्याची वाढ अशी सरळ रेषेत होत नाही. चित्रपटाचा मोठा भाग तो स्वतःला लपवण्यात घालवतो. आरशासमोर उभा राहून तोंडाला पावडर फासतो, नाक सरळ व्हावे म्हणून त्याला चिमटा लावतो. खड्ड्यात पडलेले डुकराचे पिल्लू बाहेर काढायला त्याला सांगितले जाते तेव्हा, शालू बघते आहे म्हणून, तो नकार देतो. घरात बोलली जाणारी कैकाडी त्याला शाळेच्या वाटेवर नको असते. वर्गात चोखामेळ्यांचा अभंग शिकवला जातो. ऐकणारी मुले तो पाठ करतील आणि वर्गाबाहेर पडताच विसरतीलही. जब्या मात्र मागच्या बाकावरून शालूकडे पाहत बसलेला असतो.

विक्रम अमलादी यांचे छायाचित्रण या लपण्याला साथ देते. आरंभीच्या भागात कॅमेरा बहुतेक वेळा जब्याच्या खांद्याजवळ असतो. उघडा माळ, बाभळी, निवडुंग, त्यांवरचे कोरडे ऊन, आणि त्यात कुठेतरी एक काळा ठिपका दिसावा म्हणून ताणलेली दोन मुलांची नजर. शालू दिसते तीही बहुधा दुरूनच, मध्ये माणसे, बाके, रस्ता असताना. प्रेक्षकाला जब्या जेवढे पाहू शकतो तेवढेच दिसते, आणि नकळत प्रेक्षक त्याच्या बाजूचा होऊन जातो. ही जवळीक दिग्दर्शकाने फार काळजीपूर्वक जमवलेली आहे. पुढे ती मोडायची आहे.

मधल्या भागातील एक प्रसंग व्यापारी घरांतील वाचकांनी विशेष लक्ष देऊन पाहावा. जब्याला जीन्सची पँट हवी आहे. तिच्यासाठी पैसे जमवावेत म्हणून तो सायकलचे दुकान चालवणाऱ्या चंक्याची सायकल उसनी घेऊन गारेगार विकायला निघतो. चंक्याची भूमिका स्वतः मंजुळे यांनी केली आहे. धंद्याच्या भाषेत सांगायचे तर भांडवल उसने, माल वितळणारा आणि जोखीम सगळी एकट्याची. ती सायकल एका वाहनाखाली चेपली जाते, आणि हिशेब नफ्याचा राहत नाही, भरपाईचा होतो. दुकानाच्या गादीवर बसलेल्या माणसाला समोर कपड्यांकडे टक लावून उभा राहिलेला असा मुलगा रोज दिसत असतो. त्याला 'काय पाहिजे?' असे विचारतानाचा स्वर कसा असतो, हे ज्याचे त्याला ठाऊक. चित्रपट त्यावर काही भाष्य करीत नाही, केवळ काउंटरच्या पलीकडची बाजू दाखवतो.

जब्याचा बाप कचरू. ही भूमिका किशोर कदम यांनी केली आहे. 'सौमित्र' या नावाने कविता लिहिणारे तेच. एवढ्या वाकलेल्या मानेचा माणूस मराठी पडद्यावर फारसा आलेला नाही. मुलीच्या लग्नासाठी पैसा उभा करायचा आहे, आणि गावाला 'नाही' म्हणण्याची त्याची प्राज्ञा नाही. गावाच्या जत्रेत पालखी निघते, मिरवणुकीत एक डुक्कर घुसते, गोंधळ माजतो. विटाळ झाला, तेव्हा डुकरांचा बंदोबस्त झालाच पाहिजे, असा हुकूम कचरूला सुटतो. ज्यांना डुकराचा स्पर्शही नको, त्यांनाच डुक्कर पकडलेले हवे असते. हात मात्र दुसऱ्याचे.

जैन शास्त्रात हिंसेचे तीन मार्ग सांगितले आहेत : कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवून घेणे, आणि करणाऱ्याला मनाने, वाणीने वा देहाने संमती देणे. पापाच्या खात्यात तिन्ही जमा होतात. वाणिज्य कायद्याचेही तत्त्व फार वेगळे नाही. मुनीमाने मालकाच्या वतीने केलेला व्यवहार मालकावर बंधनकारक असतो, 'मी तर पेढीवर नव्हतोच' ही सबब तेथे चालत नाही. चित्रपटातील गावाला मात्र ही सबब चालते. कारित हिंसा करून गाव स्वच्छ राहते आणि कृत हिंसेचा कलंक कचरूच्या घराला जन्मभर चिकटतो. इतकेच नव्हे, तर त्या कामावरूनच त्याच्या मुलाला 'फँड्री' म्हणून चिडवले जाते. काम देणारेही तेच आणि कामावरून हिणवणारेही तेच.

शेवटचा अर्धा तास शाळेच्या परिसरात घडतो. कचरूचे सगळे कुटुंब डुकरांमागे धावते आहे आणि गाव बघ्यांच्या भूमिकेत गोळा झाले आहे. सामना पाहावा तशी शेरेबाजी चालते. मोबाईलवर चित्रे काढली जातात, आणि वर्गमित्रांत शालूही हसते. जब्या आधी आडोशाला लपतो. बाप त्याला शोधून काढतो आणि सर्वांदेखत मारतो. एका क्षणी डुक्कर हातात येणार, इतक्यात शाळेतून राष्ट्रगीताचे सूर ऐकू येतात. कचरू, त्याची बायको, मुले, सगळे असतील तिथे ताठ उभे राहतात. डुक्कर निसटून जाते. चित्रपटगृहात या दृश्याला हसू येते, आणि ते हसू मध्येच आवरावे लागते.

कॅमेऱ्याची जागा बदलली आहे, हे इथे लक्षात येते. आरंभी जब्याच्या खांद्याशी असलेला कॅमेरा आता पुष्कळदा दूर, बघ्यांच्या बाजूला गेलेला असतो. धुळीत पळणारे कुटुंब प्रेक्षकाला गावकऱ्यांच्या नजरेने दिसू लागते. ज्याच्याशी आपले नाते जुळले होते, त्याचीच फजिती आपण त्याच गर्दीतून पाहत आहोत, ही जाणीव हळूहळू होते. अनुमोदनेला हात लागत नाहीत, शब्दही लागत नाहीत. नुसते उभे राहणे आणि हसणे पुरते.

डुक्कर अखेर पकडले जाते. त्याला बांबूला उलटे बांधून खांद्यावर वाहून नेले जाते. मागे शाळेची भिंत आहे आणि भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे. त्या चित्रांसमोरून ही मिरवणूक पुढे सरकते. दृश्य फार बोलके आहे. किंचित अधिकच बोलके, असेही कोणी म्हणू शकेल. परंतु दिग्दर्शकाने तिथे ना संगीताचा कल्लोळ केला, ना कोणाच्या तोंडी भाषण घातले. खांद्यावरच्या बांबूचे ओझे आणि चालण्याची गती एवढेच तो दाखवतो.

घरातील मोठ्या मुलांसह हा चित्रपट पाहायचा असेल, तर पालकांनी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. यातील भाषा खेड्यातली, उघडी आहे. शिव्या आहेत, जातीवाचक टोमणे आहेत. त्या ऐकून घर अवघडेल. डुकराच्या पाठलागाचे दृश्यही दीर्घ आहे. मात्र मुले अशी वाक्ये शाळेत ऐकत नसतील किंवा उच्चारत नसतील, हे गृहीत धरणे धाडसाचे आहे. सहलीच्या बसमध्ये, स्वयंपाकघरात कामाला येणाऱ्या बाईच्या मुलाविषयी, गोदामातल्या हमालाविषयी कोणते शब्द वापरले जातात, याची चर्चा या निमित्ताने घरात होऊ शकेल.

परतीच्या वाटेवर काही तरुण जब्याच्या मागे लागतात. टिंगल वाढत जाते, त्याच्या बहिणीवरही शेरे मारले जातात. इतका वेळ पडलेल्या मानेने चाललेला जब्या खांद्यावरचा भार खाली टाकतो आणि दगड उचलतो. पहिला दगड, मग दुसरा. त्याच्या चेहऱ्यावर आता पावडर नाही आणि कोणी पाहील ही भीतीही नाही. टिंगल करणारे मागे हटतात. मग तो आणखी एक दगड उचलतो आणि सगळी ताकद एकवटून फेकतो. तो दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो, आणि पडदा काळा होतो.