वैशाखातलं अंडं

दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मावशीचं घर. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्याकडे गेले होते, तेव्हा सकाळी मी खुराड्यातली अकरा अंडी काढली. तीन-चार अंड्यांना विष्ठा लागली होती, म्हणून सगळीच नळाखाली धुतली, पुसली आणि ताटात मांडून ठेवली. मावशीनं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"धुतले काऊन वं सारे? आता हे दोन दिवसबी टिकत नाहीत."

तसंच झालं. उरलेल्यातलं एक तिसऱ्या दिवशी फोडलं, तर वास आला.

कोंबडीनं घातलेलं अंडं आधी ओलसर चमकतं. बघता बघता ती ओल सुकते आणि कवचावर एक न दिसणारा लेप बसतो. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, ती हा लेप बुजवतो. धुतलं की लेप जातो. पाणी अंड्यापेक्षा गार असेल तर आतला ऐवज आकसतो आणि वरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. अमेरिकेत अंडी धुऊन विकतात, म्हणूनच तिथं ती थंडाव्यातच ठेवावी लागतात. मावशी कोरड्या फडक्यानं पुसते, फार मळलेलं अंडं त्याच दिवशी घरात वापरते. मुळात ते मळूच नये म्हणून टोपल्यातलं तणस दर दोन दिवसांनी बदलते. टोपल्यात एक अंडं मात्र कायम ठेवते, नाहीतर कोंबडी जागा सोडून कुठंतरी धसकटात घालायला लागते. त्या अंड्यावर कोळशाचं काळं वर्तुळ असतं, म्हणजे चुकून ते गिऱ्हाइकाला जात नाही.

पण वऱ्हाडात अंड्याचा खरा वैरी मळ नाही, ऊन आहे. अंडी उबवायच्या यंत्रात साडेसदतीस अंशांच्या आसपास उष्णता ठेवतात. अकोला-अमरावतीत मे महिन्यात बाहेर पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा टिनाच्या छपराखालच्या खोलीत तेवढी उष्णता सहज असते. सारं घरच उबवणी यंत्र! फळलेल्या अंड्यातला जीव एकवीस-बावीस अंशांच्या वर हळूहळू वाढायला लागतो. कोंबडी बसलेली नसते, तरी आत वाढ सुरू होते, मधेच थांबते आणि अंडं सडतं. मावशीनं अंधाऱ्या खोलीत एक अंडं बॅटरीसमोर धरून मला दाखवलं. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा होत्या. असं अंडं विकलं तर त्या घरचं दार कायमचं बंद होतं, असं ती म्हणते, आणि मला ते पटतं.

म्हणून गुढीपाडवा झाला की ती कोंबडा वेगळा कोंडते. अंडं घालायला कोंबडीला कोंबड्याची गरज नसते, फक्त त्यातून पिल्लू होत नाही. कोंबडा दूर केल्यावरही दोन-तीन आठवडे फळलेली अंडी येत राहतात, म्हणून ऊन तापायच्या आधीच त्याला बाजूला करावं लागतं. शेजारणी हळहळतात, कोंबड्याविना अंड्यात ताकद नसते म्हणतात. खाण्याच्या दृष्टीनं दोन्हींत काही फरक नाही.

तिची साठवण परसात, कडुलिंबाखाली. मोठ्या घंगाळात रेती, रेतीत मडकं पुरलेलं, मडक्यात तळाला कोरडं तणस, त्यावर अंडी, निमुळतं टोक खाली. रुंद टोकाशी हवेची पोकळी असते, ती वर राहिली तर बलक जागच्या जागी राहतो. वर ओलं गोणपाट. रेतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि उडताना गारवा देतं. दारोदारी लावलेल्या कुलरचंही तेच आहे. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा मडकं बाहेर काढतात, नाहीतर अंड्यांना बुरशी धरते. फ्रीज घरात आहे, पण विकायच्या अंड्यांसाठी ती तो वापरत नाही. गार अंडं गरम हवेत आलं की त्याला घाम फुटतो, आणि तो ओलावा पुन्हा छिद्रांवर बसतो.

प्रत्येक अंड्यावर कोळशाच्या रेघा असतात, सोमवारची एक, मंगळवारच्या दोन. उन्हाळ्यात चार दिवसांपुढचं अंडं ती विकत नाही, हिवाळ्यात दहा-बारा दिवस चालवते. वैशाखात अंडी येतातही कमी. कोंबड्या चोची उघड्या ठेवून धापा टाकतात, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड जातो आणि कवच घडायला जे लागतं तेच कमी पडतं. हाताला दबेल इतकं पातळ कवच मी तिथं पाहिलं. त्यावर ती रिकामी टरफलं भाजून, कुटून दाण्यात मिसळते.

पहाटेच्या पहिल्या एस.टी.नं कोंड्यात रचलेला डबा अमरावतीला जातो. राजापेठेजवळची सात-आठ घरं ठरलेली आहेत. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ पासून शहरागणिक अंड्यांचा भाव जाहीर करते, पण तो फार्मच्या अंड्यांचा. गावरान अंड्याचा भाव दारात ठरतो, साधारण दुपटीनं. त्या भावापायी बाजारात पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावरान म्हणून खपवली जातात. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो आणि बलकाचा तिच्या चाऱ्यावर, हे गिऱ्हाइकांना कळलं तर अशा विक्रीला जोर राहणार नाही.

एके दिवशी एका घरी तक्रार आली. "मावशी, मागची शिळी होती वाटतं, टरफल निघतच नव्हतं."

"शिळी नव्हती बाई, आदल्या दिवशीचीच होती. ताजं अंडं असं सोलत नाही. उकडाचे अंडे चार दिवस ठिवा, मंग पाहा."

तिचं खरं होतं. ताज्या पांढऱ्यातला कार्बन डायऑक्साइड अजून उडालेला नसतो, म्हणून आतली झिल्ली कवचाला धरून राहते. त्या बाईंनी पाण्याचं पातेलं आणलं. अंडं तळाशी आडवं पडून राहिलं. जुनं असतं तर उभं राहिलं असतं, सडकं तरंगलं असतं. त्यांनी दीड डझन घेतली.

मृगाचा पाऊस पडला की कोंबडा सुटतो. श्रावणात अमरावतीची घरं अंडी घेत नाहीत, कोंबड्या तर घालतच राहतात. ती अंडी मावशी खुडूक कोंबडीखाली ठेवते, आठवड्याच्या आतली, दहा-बारा, निवडून. नागपंचमीला बसवली की एकविसाव्या दिवशी फुटतात, म्हणजे पोळ्याच्या चार दिवस आधी. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात, तेव्हा ती ओसरीत डालग्यापाशी बसून एकेका पिल्लाच्या डोळ्यात मानमोडीच्या लशीचा थेंब सोडत असते. कुपीत शंभर पिल्लांची लस येते आणि एकदा फोडली की ती लगेच संपवावी लागते, म्हणून शेजारणीही आपापली पिल्लं पदरात घेऊन रांगेत असतात.